व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये सिलेक्शन, सर्च आणि चालू ओळीचे रंग एकमेकांवर चढतात. यातलं काय बंद करू?

काहीच बंद करू नका, भाऊ. आमच्या यवतमाळकडच्या क्लासात दर बॅचला हाच प्रश्न येतो आणि उत्तर ठरलेलं: "थीम (एडिटरचा रंगसंच) बदल, नाहीतर सगळे हायलाइट काढून टाक." हे उत्तर चूक आहे.

एका पोराकडे जिनिंगच्या काटापावत्यांचा पायथन प्रोग्राम होता. एकाच फंक्शनमधलं ‘वजन’ बदलायचं होतं. ओळी सिलेक्ट करून सर्चच्या चौकटीत ऑल्ट-एल दाबलं की शोध तेवढ्याच भागात फिरतो आणि त्या भागावर वेगळा रंग चढतो. पण सल्ला ऐकून थीम बदललेली, तिच्यात तो रंग पार्श्वभूमीतच विरलेला. ऑल्ट-एल लागलंच नाही हे कळणार कसं? रिप्लेस ऑल फाईलभर फिरलं, सीएसव्ही या तक्त्याच्या फाईलमधल्या रकान्याचं कोडात लिहिलेलं नावही बदललं आणि की-एरर, म्हणजे त्या नावाचा रकाना सापडेना. तो रंग शोभेचा नव्हता.

भांडण कुठे आहे ते बघा. चालू ओळीचा रंग सगळ्यात खाली असतो, आणि काही सिलेक्ट केलं की तो आपोआप निघतो. त्यावर सिलेक्शन. सर्चचे आणि सारख्या शब्दांचे रंग सिलेक्शनच्याही वर. म्हणून वरचा रंग गडद ठेवला की सिलेक्शन झाकलं जाणारच. सहा अंकी रंगकोडाच्या शेवटी दोन अंक जोडा: ते रंग किती भरीव ते सांगतात. ४० म्हणजे साधारण २५ टक्के, ८० म्हणजे निम्मा, ०० म्हणजे पूर्ण पारदर्शक. हे सेटिंग्जच्या जेसन फाईलमध्ये ‘वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स’खाली लिहायचं.

माझी वाटणी अशी. सिलेक्शनला भरीव रंग. सर्चच्या बाकी जुळण्यांना ‘एडिटर.फाइंडमॅचहायलाइटबॉर्डर’, म्हणजे नुसती चौकट, आणि त्यांच्या बॅकग्राउंडला शेवटी ००. सारख्या शब्दांना ४० वाला फिका रंग. चालू ओळीलाही ‘लाइनहायलाइटबॉर्डर’च. खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत, जुन्या मॉनिटरवर १० टक्क्यांचा रंग दिसतच नाही, चौकट दिसते. मोठ्या शहरातल्या एसीत बसून थीम बनवणाऱ्यांना हे सुचत नाही.

अक्षरांचा रंग हे वेगळं प्रकरण. तिथे व्याकरणाच्या रंगावर लँग्वेज सर्व्हरचा (कोडाचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामचा) सिमँटिक, म्हणजे अर्थावरून ठरलेला रंग चढतो. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ चालवा, कोणाचा रंग जिंकला ते तिथेच कळतं. कंस दोनदा रंगत असतील तर जुनं ब्रॅकेट पेअर कलरायझर हे एक्स्टेन्शन (वरून जोडलेली सोय) काढा. ती सोय १.६० आवृत्तीपासून एडिटरमध्येच आहे, १.६७ पासून आपोआप चालू असते.

विम हा दुसरा एडिटर वापरत असाल तर गोष्ट सोपी आहे. आपली रंगीत खूण लावणाऱ्या ‘मॅचॲड’ फंक्शनची प्रायॉरिटी न सांगता १० असते, सर्चची ०; मोठा आकडा वर. तुमची खूण सर्चच्या खाली हवी असेल तर −१ द्या. इथे आकड्यावर ठरतं, म्हणून मला विमची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. काही जण हे मानत नाहीत, पण आजवर कोणी उलटं दाखवून दिलेलं नाही.

एक राहिलं: ओळीआधीची मोकळी जागा रंगवणाऱ्या इंडेंट-रेनबोसारख्या एक्स्टेन्शनचे रंग वर सांगितलेल्या सेटिंग्जना जुमानत नाहीत, ते त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच बदलावे लागतात. आणि रंग एकाच थीमपुरते हवे असतील तर थीमचं नाव चौकोनी कंसात घालून त्याच्या आत लिहा, नाहीतर उजळ थीम लावली की तेच रंग तिथेही येतात.