इंग्लंडमध्ये सोशल सर्व्हिसेसविरुद्धची तक्रार ओम्बड्समनने घेतलीच नाही, मग त्याचा उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. शाळेने कळवल्यावरून काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, सोशल सर्व्हिसेस खात्याची सोशल वर्कर घरी आली, चौकशी झाली, सभा झाली आणि मुलाला चाइल्ड प्रोटेक्शन प्लॅनवर, म्हणजे मुलाला धोक्यापासून जपण्याच्या योजनेवर, घेतलं. पुढे मुलाने कुणाकडे राहायचं हा तुम्हा नवराबायकोचा वाद कोर्टात गेला, तिथे त्याच सोशल वर्करने दिलेल्या रिपोर्टात धडधडीत खोटं लिहिलंय असं तुमचं म्हणणं आहे. ओम्बड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाकडे, दाद मागितली तर 'आम्हाला हे पाहता येत नाही' असं पत्र आलं.

मी काही वर्षं एका काउन्सिलच्या तक्रार कक्षात होतो. अशी पत्रं वाचून हताश झालेले आईबाप फोनच्या पलीकडे बरेच ऐकलेत, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांना आधी कुणी नीट समजावलंच नव्हतं की हा माणूस न्यायाधीश नाही. आपल्याकडचा बँकिंग लोकपाल आठवा, साधारण त्या जातीचं काम.

लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनला अधिकार मिळतात ते १९७४च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टमधून. त्या कायद्याने त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्न एवढाच आहे: काउन्सिलने काम करताना कारभारात चूक केली का, आणि त्या चुकीने तुमचं काही नुकसान झालं का? निर्णय रीतसर घेतला असेल तर तो बरोबर की चूक यात त्याला शिरता येत नाही, मग त्याला स्वतःला तो कितीही न पटो. चिल्ड्रेन ॲक्ट १९८९च्या कलम ४७ खाली चौकशी सुरू करायला मुलाला गंभीर इजा होत असल्याचा किंवा होण्याचा संशय घ्यायला रास्त कारण असलं की पुरतं. पुरावा त्या टप्प्यावर लागत नाही. त्यामुळे 'माझ्याविरुद्ध काहीच सिद्ध झालं नाही, तरी चौकशी केली' ही तक्रार तिथे टिकत नाही.

आता कोर्टाचं. तुमचं घोडं अडलंय ते इथेच. कोर्टातली कारवाई सुरू करणं आणि चालवणं, या दोन्ही गोष्टी १९७४च्या कायद्याच्या परिशिष्टानेच त्याच्या कक्षेबाहेर काढल्या आहेत. कोर्टाने मागवलेला सोशल वर्करचा रिपोर्ट हा त्या कारवाईचाच भाग धरला जातो. त्यात खोटं असेल, अर्धवट असेल, पक्षपाती असेल, तरी ते खोडून काढायची जागा कोर्ट. तिथे तुमच्या वकिलाने सोशल वर्करची उलटतपासणी घ्यायची. हे वाचायला कठोर वाटेल, पण त्यामागचा विचार मला पटतो. न्यायाधीशाने एक म्हणायचं आणि ओम्बड्समनने दुसरं, असं झालं तर मुलाने कुणाचं ऐकायचं? मला पटत नाही ते एवढंच, की हे पालकाला कोर्टात जाण्याआधी कुणी सांगत नाही.

दुसरी एक गाठ आहे. ज्या प्रश्नावर कोर्टात दाद मागता येते तो ओम्बड्समन सहसा घेत नाही, पण कोर्टात जाणं तुमच्याकडून अपेक्षित धरणं रास्त नव्हतं असं त्याला वाटलं तर अपवाद करू शकतो. तुम्ही त्याच प्रश्नावर प्रत्यक्ष कोर्टात जाऊन आला असाल, तर अपवादही संपतो.

चाइल्ड प्रोटेक्शनच्या सभेचंही असंच अर्धवट आहे. सभेत पोलीस, शाळा, आरोग्य खात्याचे लोक बसतात आणि प्लॅन सगळ्यांच्या विचाराने ठरतो. ओम्बड्समन त्यात फक्त काउन्सिलचा वाटा पाहतो. पोलिसांनी किंवा शाळेने काय सांगितलं ते त्याच्या हातात नाही. मूल प्लॅनवरून काढणं, मुलाचा ताबा बदलणं, सोशल वर्करला नोकरीवरून काढणं, यातलं काहीही तो करू शकत नाही. तो शिफारस करतो: माफी मागा, नोंदीत दुरुस्ती करा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, मनस्तापाबद्दल थोडी रक्कम द्या. शिफारस बंधनकारक नसते, तरी बहुतेक काउन्सिल ती मानतात, कारण न मानल्यास गोष्ट जाहीर अहवालापर्यंत जाते.

म्हणून तक्रार कापून घ्या. 'सोशल वर्कर खोटारडी आहे, माझं मूल मला द्या' या एका वाक्यात सगळं घातलंत तर सगळंच परत येणार. कोर्टाच्या आधीचं आणि कोर्टाबाहेरचं वेगळं काढा. सभेचा रिपोर्ट आदल्या रात्री हातात पडला का? दुभाषी मागूनही मिळाला नाही का? पहिली सभा स्ट्रॅटेजी डिस्कशनपासून (चौकशी करायची का हे ठरवणारी काउन्सिल, पोलीस वगैरेंची बैठक) कामाच्या १५ दिवसांत व्हायला हवी, ती कधी झाली? इतिवृत्त किती महिन्यांनी आलं, आणि तुमच्या पत्राला उत्तर आलं का? हे सगळं त्याच्या कक्षेत येऊ शकतं.

पण एक आधीच ऐकून ठेवा. चूक सापडली तरी पुढचा प्रश्न असतो: ती झाली नसती तर निर्णय वेगळा लागला असता का? उत्तर बहुतेक वेळा 'तसं म्हणता येत नाही' असं येतं, आणि हातात पडतं ते माफीपत्र. काहींना तेवढंही पुरतं. एका आईने ते माफीपत्र मुलासाठी जपून ठेवल्याचं मला फोनवर सांगितलं होतं.

मुदतीचंही बघा. गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत तक्रार करायची, आणि आधी काउन्सिलच्या स्वतःच्या तक्रार पद्धतीतून जाऊन यायचं. उशिराची तक्रार सबळ कारण असेल तर घेतात, पण त्यावर विसंबू नका.

बाकीच्या वाटा: सोशल वर्करच्या व्यावसायिक वागणुकीबद्दल सोशल वर्क इंग्लंड ही त्यांची नियामक संस्था, काउन्सिलच्या फायलीतल्या चुकीच्या माहितीबद्दल आधी काउन्सिलकडे दुरुस्तीची मागणी आणि मग माहिती आयुक्त. तिथेही सोशल वर्करचं मत खोडलं जाणं अवघड असतं, तुमचं म्हणणं शेजारी जोडून मिळू शकतं. रिपोर्ट काउन्सिलचा नसून कॅफकासचा (फॅमिली कोर्टाला मुलाच्या हिताबद्दल सल्ला देणारी संस्था) निघाला तर मार्ग वेगळा, तो तुमच्या खासदारामार्फत पार्लमेंटरी ओम्बड्समनकडे जातो, आणि कोर्टाची भिंत तिथेही आहेच. कोर्टाचे कागद यांपैकी कुणालाही जोडण्याआधी वकिलाला विचारा. फॅमिली कोर्टातले कागद गोपनीय असतात आणि ते भलत्या हाती देणं अंगाशी येऊ शकतं.

ओम्बड्समनचं पत्र पुन्हा एकदा वाचा. त्यात संपूर्ण तक्रार नाकारली आहे की फक्त रिपोर्टाचा भाग? तुम्ही दिलेल्या मजकुरात सभेच्या कागदांचा उशीर होता. त्यावर त्यांनी एक ओळही लिहिली नसेल, तर तेवढ्याच मुद्द्यावर फेरतपासणी मागा, आणि या वेळी रिपोर्टाचा उल्लेखही करू नका.