हुकुमचंद शेठजींच्या आधी पुसाजी होते

तुमचा प्रश्न असा : मारवाडातून इंदूरला आलेल्या एका साध्या व्यापाऱ्याच्या घरात सर सेठ हुकुमचंदांसारखा गिरणीमालक कसा निपजला, आणि हे सगळं त्यांचं एकट्याचंच कर्तृत्व का?

मी मल्हारगंजात वाढलो, काच मंदिर घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. माझं स्पष्ट मत आहे की मोठं श्रेय इथं येऊन पहिली गादी (पेढी) घालणाऱ्या त्यांच्या पूर्वजाचं, पुसाजींचं.

पुसाजी आले ते अहिल्याबाईंच्या काळात. राजधानी महेश्वरला होती, इंदूर व्यापाराच्या वाटेवरची पेठ. १८१८ च्या होळकर-इंग्रज मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि इथं आधीच पाय रोवून बसलेल्या सावकारांचे दिवस पालटले. त्यात अफू. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. पीक हाती येण्याआधी शेतकऱ्याला उचल द्यायची, माल गोळा करून तो रवाना करायचा, आणि पैशांची वाट बघत महिनेन् महिने थांबायचं. अशा धंद्यात तिजोरीपेक्षा पत मोठी. इंदूरच्या पेढीची हुंडी, म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी, मुंबईच्या अडत्यानं बिनदिक्कत वटवावी, एवढा विश्वास एका पिढीत कमावता येत नाही.

पुढे घर वाढलं, पेढ्या वेगळ्या झाल्या. त्यांची नावं बघा : स्वरूपचंद हुकुमचंद, तिलोकचंद कल्याणमल, ओंकारजी कस्तूरचंद. आधी वडील, मग मुलगा. गादीवर बसल्या दिवसापासून पोराच्या सहीमागे बापाची पत उभी! मला तरी यात या घराण्याची सगळी हुशारी दिसते.

हुकुमचंद जन्मले १८७४ साली. पत तयार मिळाली, छाती मात्र त्यांची स्वतःची. सट्ट्यात ते भल्याभल्यांना भारी पडत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनला जाणारी अफू वर्षागणिक घटत गेली, आणि त्यांनी पैसा गिरण्यांकडे वळवला. काळ्या मातीचा कापूस दाराशीच होता. इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी सरकारी कापड गिरणी काढून वाटही पाडून ठेवली होती. हुकुमचंद मिल झाली, कलकत्त्याकडे तागाची गिरणी झाली. काच मंदिरही त्यांचंच. आत जाऊन बघा, भिंती, खांब, छत, जमीन, सगळीकडे काच.

आणि इंदूरच्या पुढच्या गिरणीचं नाव ठेवलं राजकुमार मिल. राजकुमारसिंह हा त्यांचा मुलगा.