सात हजारांचा फरक, की चाळीस हजारांचा?

प्रश्न : वय ३१. मूळचा कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळत मोठा झालो. क्रीडा कोट्यातून रेल्वेत लागलो, मुंबईत क्वार्टर आहे. गुडघ्याचं लिगामेंट दोनदा तुटलं, दोन ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. आता ऑफिसात टेबलावर बसतो. हातात ४२,००० येतात. बायको खासगी शाळेत शिक्षिका, तिचे १८,०००. घरात आई आणि चार वर्षांची मुलगी. घरखर्च ४५,०००. बचत १४ लाख. कोचिंगचा सुरुवातीचा, डी परवाना केलाय. मुंबईतल्याच एका अकादमीने युवा संघाचा सहाय्यक प्रशिक्षक म्हणून विचारलंय : महिना ३५,०००, दहा महिन्यांचा करार. महिन्याला सात हजारच कमी. पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेल्या खालिद जमील यांनीही दुखापतीनंतरच कोचिंग धरलं ना? राजीनामा देऊ का?

उत्तर : आत्ता देऊ नका. कोचिंग मात्र सोडू नका. आता हिशेब मांडतो, कारण तुमचा ‘सात हजार’ हा आकडा चुकलाय.

रेल्वे तुम्हाला बारा महिने पगार देते, अकादमी दहाच महिने देणार. म्हणजे ५,०४,००० विरुद्ध ३,५०,०००. इथेच वर्षाला १,५४,००० गेले. क्वार्टर सोडावं लागेल. डोंबिवली-कल्याणकडे १५,००० भाडं धरलं, तर वर्षाचे १,८०,०००. डिपॉझिट आणि ब्रोकर वेगळे. रेल्वे हॉस्पिटल सुटलं की आईसह चौघांची आरोग्य विमा पॉलिसी घ्यावी लागेल. तिला ६५,००० धरतो. शिवाय तुमच्या एनपीएसमध्ये, म्हणजे पेन्शनच्या खात्यात, सरकार मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के भरतं. ते पगाराच्या स्लिपवर ‘हातात’ दिसत नाही, म्हणून तुम्ही धरलं नाही. पगार-भत्ता मिळून ४५,००० धरला तर ते वर्षाला ७५,६०० होतात. सगळ्याची बेरीज ४,७४,६००, म्हणजे महिन्याला साधारण ३९,५००.

एनपीएसचं सोडा, ते म्हातारपणाचे पैसे, असं म्हणाल. ठीक, रोजच्या पैशांपुरतंच बघू. राजीनाम्यानंतर वर्षाचा खर्च ७,८५,००० आणि दोघांचं मिळून उत्पन्न ५,६६,०००. दरवर्षी २,१९,००० बचतीतून काढावे लागतील. एक वर्ष करारच मिळाला नाही, तर त्या वर्षी ५,६९,०००. चार वर्षांत असं एकच वर्ष कोरडं गेलं, तर १४ लाखांतले पावणेदोन लाखांच्या आसपास उरतात. व्याज थोडं हातभार लावेल, पण भाडं आणि शाळेची फीही तिथेच थांबणार नाही. पुढच्या सी आणि बी परवान्याचा खर्च तर यात धरलेलाच नाही.

कोरडं वर्ष ही माझी भीती वाटत असेल, तर जुलै २०२५ आठवा. लीग चालवण्याच्या हक्कांच्या कराराचा घोळ झाला, आयएसएल (इंडियन सुपर लीग) अनिश्चित काळासाठी थांबली आणि काही क्लबांनी पगारच रोखले. देशातल्या सर्वांत वरच्या लीगची ही कथा. युवा संघाच्या सहाय्यकाचं मानधन थांबवायला तर कुणाला पत्रकार परिषदही घ्यावी लागणार नाही.

आता खालिद जमील. तुम्ही उदाहरण चांगलं दिलंत, पण त्यातल्या तारखा वाचल्या नाहीत. २००९ मध्ये खेळणं थांबलं आणि ज्या मुंबई एफसीत ते खेळाडू म्हणून होते, त्याच क्लबने त्यांना प्रशिक्षक केलं. तिथे बरीच वर्षं गेली. २०१६-१७ मध्ये ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि पुढच्याच हंगामात ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबमध्ये. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षकपद २०२१ ला मिळालं, भारतीय संघ ऑगस्ट २०२५ मध्ये. सुरुवातीपासून आयएसएलच्या खुर्चीपर्यंत बारा वर्षं! तुमच्याकडे चार वर्षांचा दाणागोटा आहे. ज्या महिंद्र युनायटेडकडून ते खेळले तो क्लब २०१० मध्ये बंद झाला, आणि २०१७ मध्ये मुंबई एफसीही. इतक्या कर्तबगार माणसाच्या मागची दारंसुद्धा अशी एकेक करून बंद होत गेली, हे तुमच्या निर्णयात धरा.

त्यातली एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. पहिली संधी जुन्याच घरातून आली. तुमचं जुनं घर म्हणजे रेल्वे. भारताचे नामवंत फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचेच, १९५८ मध्ये त्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. दुखापतींनी १९६७ मध्ये खेळ थांबला आणि १९७० च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते प्रशिक्षक होते. तेव्हा तुमच्या विभागाच्या क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा. संघासोबत सहाय्यक म्हणून काम मिळेल का, सी परवान्याच्या कोर्ससाठी कुठली रजा चालेल, बाहेर संध्याकाळी कोचिंग करायला परवानगी मिळेल का, हे तिन्ही लेखी विचारा. परवानगीशिवाय बाहेर पैसे घेऊन शिकवू नका. विनापगारी रजा टाकून गुपचूप अकादमीत जाण्याचा सल्ला कुणीतरी देईल, तो ऐकू नका. तसंच एकदा राजीनामा दिला की मागची सेवा हिशेबातून जाते. पुन्हा त्याच खुर्चीवर बसता येत नाही.

अकादमीला सरळ सांगा, पूर्णवेळ जमणार नाही, परवानगी आली की शनिवार-रविवार येतो. नाही म्हणाले तर नाही. दोन परवान्यांच्या मधे प्रत्यक्ष संघ चालवल्याचा अनुभव लागतो, तो रेल्वेच्या किंवा पेठेच्या संघाबरोबरही मिळतो.

नोकरी केव्हा सोडायची याची माझी अट अशी : बी परवाना हातात, आणि किमान दोन वर्षांचा लेखी करार, बाराही महिन्यांच्या मानधनाचा, महिना ५५,००० च्या वर. करारात दोन ओळी आधी शोधा. मुदतीआधी काढलं तर किती महिन्यांचं मानधन देणार, आणि स्पर्धाच रद्द झाली तर काय. या ओळी नसतील तर तो करार नव्हे, आमंत्रणपत्रिका आहे. मानधनावर बहुधा दहा टक्के टीडीएस कापला जाईल. तो रिटर्न भरून परत मिळतो, पण महिन्याच्या हिशेबात ३५ चे साडेएकतीसच येतात.

तोवर दर महिन्याला उरणाऱ्या १५,००० मधले पाच हजार परवान्याच्या वेगळ्या खात्यात टाका. १४ लाखांतले पाच लाख एफडीत ठेवा आणि त्यांना हात लावू नका. मित्राने भाड्याने द्यायच्या टर्फ मैदानात भागीदारी सुचवली आणि त्यासाठी या पैशांकडे पाहिलं, तरीही नाही. (पत्रात टर्फचा उल्लेख नाही. पण फुटबॉलपटूला तो मित्र भेटतोच.) पुढे नोकरी सोडलीत तरी एनपीएस मोडू नका. मुदतीआधी बाहेर पडलात तर रक्कम लहान नसल्यास ८० टक्के पैशांची पेन्शन योजनाच घ्यावी लागते. खातं तसंच चालू ठेवता येतं.

टेबलावर जीव रमत नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘टेबलावर बसतो’ या दोन शब्दांत ते कळलं. म्हणूनच ‘कधीच सोडू नका’ असं मी म्हणत नाही. तीन-चार वर्षं थांबा म्हणतो. ३५ व्या वर्षी प्रशिक्षक तरुणच असतो.

एक काम मात्र याच महिन्यात करा. चौघांची आरोग्य पॉलिसी रेल्वेत असतानाच काढा. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. ती मुदत क्वार्टरमध्ये राहून संपू दे. आजचा ६५,००० चा हप्ता जड वाटला तर आधी फक्त स्वतःची आणि आईची घ्या. अर्जात गुडघ्याची दोन्ही ऑपरेशनं तारखांसह लिहा, आईची साखर असेल तर तीही. एजंट म्हणाला, ‘‘राहू द्या हो, गुडघा कोण विचारतंय,’’ तर एजंट बदला.