बाळंतपणात बाळाच्या हाताला इजा झाली, डॉक्टरवर केस करता येते का?

तुम्ही लिहिलंय की बहीण डोंबिवलीहून माहेरी देवगडला बाळंतपणाला आली, खाजगी हॉस्पिटलात नॉर्मल डिलिव्हरी झाली, बाळ चार किलोच्या वर होतं आणि २२ दिवस झाले तरी त्याचा उजवा हात हलत नाही. हॉस्पिटलवाले "होईल बरं" एवढंच म्हणतात.

मी वकील नाही. ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, पंधरा वर्षं वकिलांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. पण उत्तर लिहितोय ते भाचीमुळे. तिचाही हात असाच होता. कोपर सरळ, हात अंगाला चिकटलेला, तळवा मागे वळलेला. माझी आई म्हणायची, "तेल चोळ, होतलो बरो." न्हाऊ घालणारी बाई त्याच हाताला धरून तिला उचलायची. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून आधी हाताचं बघा. बाळाचं डोकं बाहेर येऊन खांदा आईच्या हाडामागे अडकला, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. बऱ्याच बाळांचा हात काही महिन्यांत सुधारतो. पण तीन महिने होऊनही बाळ कोपरातून हात वाकवत नसेल, तर नसांच्या सर्जनला दाखवायला उशीर करू नका. तोवर बालरोगतज्ज्ञाला विचारून फिजिओथेरपी सुरू करा. कपडे घालताना तो हात आधी बाहीत घाला, काढताना शेवटी काढा, आणि काखेत हात घालून उचलू नका.

आता केसचं. इजा झाली म्हणजे हयगय झालीच, असं कायदा मानत नाही. कधी कधी सगळं नीट करूनही नस ताणली जाते. अडकलेला खांदा सोडवायच्या ठरलेल्या रीती आहेत: आईचे गुडघे पोटाशी घ्यायचे, ओटीपोटावर खालच्या हाडाच्या लगेच वर दाब द्यायचा. डोकं जोरात ओढणं किंवा पोट वरून रेटणं त्यात बसत नाही. तेव्हा तिथे नेमकं काय केलं गेलं, यावरच सगळं ठरतं, आणि ते दिसतं फक्त केसपेपरात. डोकं किती वाजता आलं, अंग किती वाजता, गरोदरपणात साखर तपासली होती का, खोलीत कोण कोण होतं. भाचीच्या पेपरवर "नॉर्मल डिलिव्हरी" एवढी एक ओळ होती आणि वजनाच्या आकड्यावर पुन्हा पेन फिरवलेला. तो कागद मीच झेरॉक्स मशीनवर ठेवला होता.

तेव्हा उद्याच फाईल मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार, मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. जपून ठेवायचं बंधन मात्र तीनच वर्षांचं आहे. बहिणीला जे आठवतंय ते वेळेनिशी तिच्या हातून लिहून घ्या. देवळातलं गाऱ्हाणं तोंडी चालतं, ग्राहक आयोगापुढे (म्हणजे ग्राहक कोर्टापुढे) चालत नाही.

पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात जाता येतं. सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, आणि १९९८ च्या एका निकालात बाळ आणि आईबाप दोघांनाही ग्राहक मानलं. मुदत दोन वर्षांची. कुठल्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, भरलेल्या बिलावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि बिल पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फी नाही. आणखी एक, चाकरमान्यांना हे माहीतच नसतं: २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही तक्रार देता येते. म्हणजे बहिणीला तारखेसाठी ओरोसला खेपा घालायला नकोत, ठाणे जिल्ह्यातूनच लढता येईल.

खरी अडचण तज्ज्ञाच्या मताची. आपल्याकडचा डॉक्टर शेजारच्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही. आम्ही शेवटी कोल्हापूर गाठलं. प्रत्येक केसला तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय, पण नसांच्या केसमध्ये मत नसेल तर बाजू लंगडी पडते. भाचीच्या केसला जिल्हा आयोगातच चार वर्षं गेली. भरपाई मिळाली, मागितली त्याहून बरीच कमी.

पोलिसांत लगेच जाऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, तोही दुसऱ्या डॉक्टरच्या मतासह. आणि घरातल्या तरुण पोरांना आवरा. हॉस्पिटलात तोडफोड हा महाराष्ट्रात अजामीनपात्र गुन्हा आहे, तुमची केस तिथेच उलटते.

हेच सरकारी दवाखान्यात फुकट झालं असतं तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट. आणि दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर लावा. बाई आणि मूल यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

फाईलीचा अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. काउंटरवरची मुलगी "सर नाहीत, नंतर या" म्हणेल. वाद घालू नका, त्याच दिवशी तो स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, तिची शाई सहा महिन्यांत उडते.