खाली थिनरचा ड्रम, वर पोटमाळ्यावर मुलं

या वेळच्या टपालात ज्वालाग्राही द्रवांबद्दल चार पत्रं आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी ३१ वर्षं काढली, आधी स्टोअरमध्ये आणि शेवटची १२ वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून. त्या अनुभवावरून उत्तरं देतो आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात दोन लहान मुलं आहेत.

*प्रश्न : माझ्या यजमानांचं फर्निचर पॉलिशचं काम आहे. किसननगरला भाड्याचा गाळा आहे, वर पोटमाळा काढून आम्ही तिथेच राहतो. मुलं ७ आणि ११ वर्षांची. महिन्यापूर्वी यजमानांनी पॉलिश पातळ करायच्या एन.सी. थिनरचा २०० लिटरचा ड्रम आणला, सुट्या डब्यांपेक्षा स्वस्त पडतो म्हणून. शेजारी म्हणतात याला परवाना लागतो, यजमान म्हणतात तो फक्त पेट्रोल पंपाला लागतो. खरं काय? (एक भगिनी, ठाणे)*

ताई, शेजाऱ्यांचं बरोबर आहे. पण परवान्याचं नंतर बघू. हा अंक हातात पडेल त्याच रात्रीपासून मुलांना नात्यातल्या कुणाकडे तरी झोपायला पाठवा. ड्रम गाळ्यातून जाईपर्यंत तुम्ही दोघंही तिथे झोपू नका.

आता कायद्याचं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात ‘पेट्रोलियम’ म्हणजे फक्त पेट्रोल-डिझेल नाही. द्रव हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं) आणि ते ज्यात आहेत असं कुठलंही पेट घेणारं मिश्रण त्यात येतं. एन.सी. थिनरमध्ये टोल्यूइनसारखे द्रव हायड्रोकार्बन असतात, म्हणजे थिनरही आलं. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीवर पेट घेऊ लागते त्याला आम्ही फ्लॅश पॉइंट म्हणतो, आणि त्यावरून तीन वर्ग केले आहेत. २३ अंश सेल्सिअसच्या खाली तो ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ च्या आत ‘ब’, ६५ ते ९३ च्या आत ‘क’. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश. ठाण्यात थंडीतल्या पहाटेलासुद्धा पारा तिथवर उतरत नाही, म्हणजे ते बारा महिने पेट घ्यायला तयारच असतं. तुमच्या थिनरचा नेमका आकडा दुकानदाराकडच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, म्हणजे मालाच्या धोक्यांच्या माहितीपत्रकात, नवव्या भागात सापडेल. ती मागून घ्या, ती द्यायला नकार देणाऱ्याकडून माल घेऊ नका.

‘अ’ वर्गाचा माल विकण्यासाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतो. तोही घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको. २०० लिटरचा ड्रम दोन्ही अटी मोडतो. साठवायचंच असेल तर मर्यादित साठ्यासाठी जिल्हा प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे म्हणजे पोलीस आयुक्त किंवा उपायुक्त. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे आयुक्तालय आहे. त्याहून मोठ्या साठ्यासाठी ‘पेसो’, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना. जुने लोक त्यांना अजून ‘एक्स्प्लोझिव्हवाले’ म्हणतात. मुख्यालय नागपूरला, आपल्याकडचं ऑफिस सीबीडी बेलापूरला. शिवाय महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि अग्निशमन दलाची ना-हरकत वेगळी. परवान्याची जागा फक्त साठ्यासाठी लागते, त्यामुळे राहत्या गाळ्यात परवाना मिळेल ही आशा सोडा.

पण ताई, मला कळकळीनं सांगायचंय ते यापुढचं. उद्या तुम्ही ३० लिटरच्या आत आलात तरी मुलं त्या पोटमाळ्यावर सुरक्षित झाली असं समजू नका. तो आकडा परवान्याचा आहे.

जळते ती वाफ, द्रव नव्हे. टोल्यूइनची वाफ हवेपेक्षा तिपटीनं जड. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते, शेगडीपर्यंत नाहीतर फ्रिजच्या मागच्या स्विचपर्यंत पोचते, तिथे पेटते आणि तशीच मागे डब्यापर्यंत धावत येते. किती लागते? एकदा मी हिशोब मांडला होता. १० बाय १० ची, ८ फूट उंच बंद खोली. सव्वा लिटर टोल्यूइन पूर्ण उडून सारखं मिसळलं तर त्या खोलीतली सगळी हवा पेट घेण्याजोगी होते. प्रत्यक्षात वाफ खालीच साचते, म्हणजे जमिनीलगत धोका व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरतं. ‘वास सगळ्या चाळीत आला’ असं आपण सहज म्हणतो, तो वास म्हणजे हीच वाफ.

तुमच्या गाळ्यात वाफ खाली साचणार, आग खाली लागणार, आणि पोटमाळ्यावरून उतरायची शिडीही तिथेच खाली येते. म्हणून मुलांचं आधी लिहिलं.

दुसरी भीती ओतण्याची. १९९४ च्या डिसेंबरातली कोरडी सकाळ होती. आमच्याकडचा एक कामगार ड्रमच्या नळाला प्लॅस्टिकची बादली लावून टोल्यूइन भरत होता. बादलीची कडी लोखंडी तारेची. बादली अर्धी झाली, त्यानं उचलायला कडीला हात घातला आणि ‘चट्’ असा आवाज आला. हिवाळ्यात स्वेटर काढताना येतो ना, तसा. बादलीच्या तोंडावर दिव्याच्या वातीसारखी आग उभी राहिली. त्यानं घाबरून बादली फेकली आणि आग जमिनीवर धावली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वाळूच्या बादल्या आणि पावडरचं सिलिंडर दाराशीच होतं म्हणून बाकीचे वाचलो. तो चार महिन्यांनी कामावर आला, पण डाव्या हाताची मूठ पुन्हा कधी नीट वळली नाही. ती प्लॅस्टिकची बादली स्टोअरमधून मीच काढून दिली होती.

द्रव वाहताना घर्षणानं वीज साचते. प्लॅस्टिकमधून ती जमिनीत जाऊ शकत नाही, तारेच्या कडीवर थांबून राहते आणि हात लागला की उडी मारते. त्यानंतर आमच्याकडे ओतायचं भांडं धातूचंच, ड्रम आणि भांडं तांब्याच्या तारेनं आणि चिमट्यांनी एकमेकांना जोडलेलं, आणि ड्रमला अर्थिंग. रंगावर चिमटा लावून उपयोग नाही, तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लावायचा. यजमान रोज ज्या मगनं थिनर काढतात तो प्लॅस्टिकचा असेल, तर तो आजच टाकून द्या.

यजमानांवर मात्र चिडू नका. ड्रम टेम्पोत चढवून देताना त्यांना कुणी काही सांगितलं नसणार. ड्रम दुकानदाराला परत करा, थोडा तोटा सोसा. बूच घट्ट लावून, ड्रम उभा ठेवूनच न्या, रिक्षात नव्हे. पुढे बाजारात २० लिटरचे पत्र्याचे डबे मिळतात, त्यातला एका वेळी एक. तो कामाच्या जागी, शेगडीपासून आणि देव्हाऱ्यातल्या समईपासून लांब, आणि रात्री राहत्या छपराखाली नको. कामाला रोज दोन-तीन डबे लागत असतील तर दोन-चार पॉलिशवाल्यांनी मिळून वेगळी परवान्याची खोली घ्यावी. तिथल्या अटींतून पुष्कळ शिकायला मिळतं. दाराला ३० सेंटिमीटरचा उंबरा, म्हणजे सांडलेलं बाहेर वाहत नाही. झरोके जमिनीलगत आणि छताशी, त्यांना दुहेरी बारीक जाळी. झरोका फक्त वर ठेवला तर जड वाफ आतच राहते.

*प्रश्न : ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत जनरेटरसाठी ३५ लिटरचे पाच कॅन डिझेल मीटर रूममध्ये ठेवतो. एका सभासदानं बेकायदेशीर म्हणून तक्रार केली. परवाना हवा का? (सोसायटीचे सचिव)*

सचिवसाहेब, परवाना नको. डिझेल ‘ब’ वर्गात येतं. त्याला २,५०० लिटरपर्यंत, कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर, परवान्याची गरज नाही. तुमचं डिझेल १७५ लिटर. पण सभासदाची भीती खरी आहे. डिझेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांपासून असू शकतो आणि मे महिन्यात बंद मीटर रूम त्याच्या पुढे सहज जाते. तिथेच लोंबत्या वायरी, तिथेच जिना. कॅन आजच जनरेटरच्या बाजूला, सावलीतल्या हवेशीर जाळीच्या खोलीत हलवा आणि खाली लोखंडी ट्रे ठेवा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षेचा दाखला घ्यावा लागतो. त्या एजन्सीच्या माणसाला ही जागा दाखवून सही घ्या.

*प्रश्न : तुर्भ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रात्री चिंध्यांच्या खोक्याला आग लागली. कामगार शपथेवर सांगतात की कुणी विडी ओढली नाही. मालक विश्वास ठेवत नाहीत. (एक सुपरवायझर)*

दादा, चिंध्यांना जवसाचं तेल होतं का, ते आधी बघा. डबल बॉइल्ड लिनसीड म्हणतात ते. असेल तर कामगारांवर विश्वास ठेवायला जागा आहे. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. चिंधी दोरीवर पसरलेली असेल तर उष्णता उडून जाते. चोळामोळा करून खोक्यात कोंबली तर आत साठत जाते आणि काही तासांनी, सगळे घरी गेल्यावर, चिंधी आपोआप पेटते. या तेलाचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्याही वर, म्हणजे ‘अ-ब-क’ कुठल्याच वर्गात ते येत नाही, आणि तरी रात्री आग लावतं. संध्याकाळी चिंध्या एकेक करून बाहेर वाळत घाला, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. मालकांना हे उत्तर वाचायला द्या आणि त्या कामगारांचा पगार कापला असेल तर परत मिळवून द्या.

*प्रश्न : थिनरचा रिकामा ड्रम वरून कापून पाणी साठवायला वापरता येईल का? (एक वाचक, कळवा)*

नाही. भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा कमी असते, रिकामा ड्रम वाफ आणि हवेनंच भरलेला असतो. कटर किंवा गॅस कटिंगची ज्योत लागली तर स्फोट होतो आणि वरचं झाकण कापणाऱ्याच्या तोंडावर येतं. धुऊन वास गेला तरी कडांच्या घडीत द्रव राहतो. पिण्याच्या पाण्याला तर तो ड्रम कधीच नको. दोन्ही बुचं घट्ट लावा, ड्रमवर खडूनं ‘थिनर’ असं मोठं लिहा, आणि जुने ड्रम धुऊन देण्याचा परवाना असलेल्याकडेच द्या. भंगारवाल्याच्या गाडीवर तो चढवू नका. त्याच्याकडचा पोरगा तो छिन्नीनं फोडायला बसतो.