फ्रिज घ्यायला जाशील तेव्हा

बाळा,

तुझा मेसेज वाचला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही घ्यायचंय, बजेट ताणलेलं आहे आणि शोरूममध्ये भाव करायला लाज वाटते, असं लिहिलंयस. लाज कसली त्यात गं. मी इतकी वर्षं शोरूमचा फ्लोअर सांभाळला, रोज लोक विचारायचे, आणि जो नीट विचारायचा त्याच्यासाठी मी मनापासून काहीतरी काढायचो, कारण मॅनेजरलाही माल विकायचाच असतो, त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. तू फक्त असं विचार की त्याला हो म्हणणं सोपं जाईल.

एमआरपीच्या बोर्डाकडे बघून हुरळू नकोस. एमआरपी म्हणजे सगळे टॅक्स धरून जास्तीत जास्त किंमत, त्याच्या वर विकता येत नाही, खाली कितीलाही विकलं तरी चालतं, आणि फ्रिज त्या किमतीला सहसा कोणी विकतच नाही. धंद्यात खरा आकडा चालतो तो एमओपी, म्हणजे कंपनीने दुकानदारांना सांगितलेला बाजारभाव. त्याच्या खाली उघड जायला मॅनेजर कचरतो कारण कंपनीचा माणूस लगेच फोन करतो. तो आकडा तुला कोणी सांगणार नाही पण तेच मॉडेल, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत तोच नंबर, दोन-तीन दुकानात आणि ऑनलाइन बघितलंस की जो भाव सगळीकडे साधारण सारखा दिसतो तो एमओपीच्या आसपासचाच असतो. तुझी बोलणी तिथून खाली सुरू होणार, बोर्डावरच्या किमतीपासून नाही.

दुकानात कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट घातलेला मुलगा भेटेल, तो प्रमोटर, त्याचा पगार कंपनीकडून येतो आणि भाव त्याच्या हातात नसतो. त्याच्याशी घासाघीस करून त्याला दमवू नकोस, बिचारा दिवसभर उभा असतो. माहिती घे, मॉडेल पक्कं कर आणि मग शांतपणे म्हण, मॅनेजर सरांशी दोन मिनिटं बोलायचंय.

आणि तिथे गोल गोल बोलू नकोस. "काही कमी होईल का" याला उत्तर "नाही मॅडम, लास्ट प्राइस आहे" हेच येतं, मी पण हेच द्यायचो. आकडा सांग. समजा दोन्ही मिळून ५५ हजार होतायत, तर म्हणायचं, "सर, ही दोन मॉडेल ठरलीत, आज बिल करते, पूर्ण पैसे यूपीआयने देते, ५२ ला करून द्या." एवढं बोलून गप्प बस, त्याला कॅल्क्युलेटर दाबू दे. बाकीची गिऱ्हाइकं ऐकत असतील तर तो कधीच देणार नाही, म्हणून त्याच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात बोल. वस्तूला नावं ठेवून भाव पाडायची सवय असते काही लोकांना, ते करू नकोस, माणूस दुखावतो आणि हट्टाला पेटतो.

यूपीआय मुद्दाम सांगितलं. क्रेडिट कार्ड घासलं की दुकानाला त्यावर चार्ज बसतो, तुझ्या बँक खात्यातून यूपीआय केलं तर बसत नाही, म्हणजे तेवढी जागा त्याच्याकडे शिल्लक असते. ईएमआयचं तर विचारूच नकोस. नो कॉस्ट ईएमआय म्हणतात पण व्याज बँकेला कोणीतरी भरतंच, कधी कंपनी, कधी दुकान, आणि २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वात नाही. मग तू जर सगळे पैसे एकदम भरतेयस तर सरळ विचार, "ईएमआयवाल्याच्या व्याजाचे पैसे जातात ते मला किमतीत कमी करा." हा प्रश्न ऐकल्यावर मॅनेजर तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, खरं सांगतो. फक्त ते व्याज कंपनी भरत असेल तर त्याच्या हातात काही नसतं, तसं तो म्हणाला तर ताणू नकोस.

क्रम सोडू नकोस. आधी नुसत्या वस्तूची नेट किंमत, ती ठरली की जुन्या वस्तूचा एक्स्चेंज, आणि सगळ्यात शेवटी बँकेच्या कार्डाची ऑफर असेल तर ती, आणि ती यूपीआयच्या सुटीपेक्षा मोठी असेल तरच कार्ड काढ. सगळं एकत्र बोललीस की तो एकीकडे देतो आणि दुसरीकडे काढून घेतो, आणि तुला कळत पण नाही.

पैशात नाहीच म्हणाला तरी उठू नकोस. मशीनचा स्टँड, नळाचं कनेक्शन, तिसऱ्या मजल्यावर चढवायची मजुरी, हे तो सहज सोडू शकतो. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र लगेच हो म्हणून घेऊ नकोस, त्यात दुकानाला भरपूर सुटतं म्हणूनच ती एवढ्या आग्रहाने विकतात. डिस्प्ले पीस स्वस्तात मिळत असेल तर जरूर विचार कर, पण वॉरंटी बिलाच्या तारखेपासूनच सुरू होणार हे लिहून घे आणि दार, दाराचं रबर म्हणजे गॅस्केट, ट्रे सगळं हाताने तपास.

रविवारी संध्याकाळी जाऊ नकोस, मंगळवार-बुधवारी दुपारी जा, जमलं तर महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसात, टार्गेटला दोन पीस कमी पडत असतील तर तुझं नशीब. आईला पाडव्यालाच वस्तू घरात यायला हवी असेल तर आठवडाभर आधी भाव पक्का करून बुकिंग कर आणि डिलिव्हरी पाडव्याची माग, त्या दिवशी गर्दीत मॅनेजरला मान वर करायला वेळ नसतो.

"बिल नको असेल तर अजून कमी करतो" असं कोणी म्हणालं तर तिथून नीघ. बिल नाही तर वॉरंटी नाही, तक्रारही कुठे करणार. सूट बिलावरच दाखवायला सांग, जीएसटी सूट वजा झाल्यावरच्या रकमेवर लागतो, म्हणजे १८ टक्क्यांच्या वस्तूवर हजार रुपये कमी केले तर दुकानाच्या खिशातून साधारण ८४७ च जातात, बाकीचा टॅक्सच कमी होतो. त्याला हे माहीत असतं, तुलाही असू दे.

निघायच्या आधी बिलावरचा मॉडेल नंबर बघ, घरी खोका आला की सिरियल नंबर जुळतोय का ते बघूनच सही कर. मॉडेल ठरली की मला नंबर पाठव, रात्री ९ नंतर फोन कर, आकडा किती मागायचा ते दोघं मिळून ठरवू.

तुझा काका