शिकवणाऱ्यांनी एकत्र बसून काय वाचावे?

प्रश्न : मी नाशिकला सातपूर भागात प्रौढ स्त्रियांच्या साक्षरता वर्गाला शिकवते. आमच्या ओळखीत असे काम करणारे नऊ जण आहेत. कोणी ‘उल्लास’ या सरकारी साक्षरता कार्यक्रमाचे स्वयंसेवक आहेत, कोणी रात्रशाळेत शिकवतात, तर कोणी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रे घेतात. वर्षाकाठी एखादे प्रशिक्षण होते. व्याख्यान ऐकून आणि हजेरीपटावर सही करून आम्ही घरी येतो. म्हणून दिवाळीनंतर आम्हीच एक वाचनगट सुरू केला. प्रौढशिक्षणावरचे एक जाडजूड पुस्तक निवडले आणि दर पंधरा दिवसांनी दोन प्रकरणे वाचून यायचे ठरवले. पहिल्या बैठकीला नऊही जण आले. तिसऱ्या बैठकीला चार जण आले आणि त्यांतल्या दोघींनीच वाचलेले होते. उरलेला वेळ ऑनलाइन माहिती भरण्याच्या कटकटींवर बोलण्यात गेला. अशा गटाचा शिकवण्याला खरोखर उपयोग होतो का, आणि होत असेल तर तो कसा चालवावा?
— एक शिक्षिका, सातपूर, नाशिक

उत्तर : उपयोग होतो, मात्र आपण निवडलेल्या पद्धतीने तो होणे अवघड होते. दिवसभर नोकरी किंवा घरकाम सांभाळून संध्याकाळी वर्ग घेणाऱ्या माणसाला चाळीस पाने घरी वाचून यायला सांगितले, की ज्याचे वाचन झालेले नसते तो लाजेने येईनासा होतो. मीही एक गट असाच बुडवला आहे. इतरांचे वाचन होत नाही म्हणून मी प्रकरणाचा सारांश सांगू लागलो, आणि महिनाभरात त्या गटाचे रूपांतर माझ्या व्याख्यानमालेत झाले. व्याख्यानाला कंटाळूनच आपण गट काढला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

म्हणून पहिला बदल असा करावा, की वाचन बैठकीतच व्हावे. चार ते सहा पानांचा मजकूर घ्यावा, त्याच्या नऊ प्रती काढाव्यात आणि एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचावा. यात पंचवीस मिनिटे जातात, पण ती वाया जात नाहीत. अनोळखी मजकूर चारचौघांत मोठ्याने वाचताना शिक्षकाचीही जीभ अडखळते, आणि आपल्या वर्गातल्या बाईंना पाटीसमोर उभे राहून काय वाटत असेल याची थोडी कल्पना येते.

ही कल्पना अधिक स्पष्ट यावी असे वाटत असेल, तर एका बैठकीत मोडीचा कागद वाचायला घ्या. नऊ घरांपैकी एखाद्या घरी आजोबा-पणजोबांचे मोडीतले खरेदीखत किंवा पत्र निघण्याचा बराच संभव असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी मराठी व्यवहारात होती. आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे, आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसे. कागदावरची भाषा आपली, शब्द आपले, कदाचित गावही आपलेच. तरीही एकही ओळ वाचता येत नाही. आपल्या वर्गातल्या स्त्रियांची नेमकी हीच स्थिती असते. त्यांना मराठी शिकवायचे नसते, ती त्यांना आपल्याइतकीच येते, किंबहुना म्हणी आणि ओव्या आपल्याहून जास्त येतात; शिकवायची असते ती फक्त लिपी. प्रौढांना पहिलीच्या मुलाची पुस्तके का रुचत नाहीत, हे सांगायला यानंतर वेगळे व्याख्यान लागत नाही.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा आहे. वाचलेल्या मजकुरातली एकच गोष्ट पुढच्या पंधरवड्यात वर्गात करून पाहायची आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तिच्या वृत्तांताने करायची. वर्गापर्यंत न पोहोचलेल्या वाचनाला चांगला छंद म्हणता येईल, पण त्याने शिकवणे सुधारेल अशी अपेक्षा धरता येणार नाही. उदाहरणादाखल ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांची पद्धत घेऊ. ब्राझीलमधील आंजिकोस या गावी १९६३ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. मजुरांच्या जगण्यातले शब्द निवडायचे, त्यांवर बोलायचे, मग त्यांचे अवयव सुटे करून नवे शब्द जुळवायचे, अशी ती रीत होती. त्यांच्या पोर्तुगीज शब्दांपैकी एक होता ‘वीट’ या अर्थाचा ‘तिजोलू’. त्यातून त-ते-ति, ज-जे-जि असे गट निघत. आपली बाराखडी तर मुळातच अशी रचलेली असल्यामुळे ही रीत मराठीत सहज बसते.

हे चार पानांत वाचून झाल्यावर गटाने आपापल्या वर्गासाठी एकेक शब्द निवडावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी ‘पगार’ हा शब्द मला उत्तम वाटतो. त्यातून गार, पार, रग, पराग हे शब्द जुळतात आणि ‘राग’ही निघतो. पगारातून राग निघाला, की वर्गात हशा पिकतो, आणि मग पगारचिठ्ठीवरच्या कपातीचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. त्याउलट ‘कांदा’ हा शब्द निफाड-लासलगावकडे कितीही जिव्हाळ्याचा असला, तरी अनुस्वारामुळे पहिल्या आठवड्यात अडचणीचा ठरतो. कोणता शब्द कोठे चालला आणि कोठे फसला, हे नऊ वर्गांतून गोळा होऊन आले, की गटाच्या हाती जे येते ते कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत सापडणार नाही.

मजकूर दर वेळी शास्त्रीयच असावा असेही नाही. चार बैठकींतून एकदा आपल्या शिकणाऱ्यांनी केलेले वाचन हाच मजकूर समजावा. मध्यवर्ती बसस्थानकावर एका बाईंनी ‘नांदगाव’ची पाटी ‘नाशिक’ अशी वाचली, हे एका शिक्षिकेने मला सांगितले होते. त्यांनी ‘ना’ ओळखले आणि पुढचे अंदाजाने पुरे केले. ही चूक आहे की वाचनाची पहिली पायरी? तिथल्या तिथे दुरुस्त करावे, की ‘शेवटचे अक्षर कोणते दिसते?’ असे विचारून थांबावे? ध आणि घ, भ आणि म यांतली गल्लत, ‘वर्ग’चे ‘वगर’ होणे, वीजबिलावरचे आकडे वाचता येणे पण ‘थकबाकी’ हा शब्द न वाचता येणे, अशी एकेक नोंद घेऊन अर्धा तास बोलता येते. शिकणाऱ्या व्यक्तीचे नाव मात्र बैठकीत घेऊ नये.

तक्रारींचे काय, असे आपण विचारलेले नाही, पण प्रश्नात ते आहेच. तक्रारी खऱ्या असतात, त्यामुळे त्या दाबू नयेत. शेवटी घड्याळ लावून दहा मिनिटे द्यावीत. सुरुवातीला दिल्या, तर बैठक त्यांतच संपते.

एका वहीबद्दल मी आग्रह धरेन. काय वाचले, वर्गात काय करून पाहिले आणि काय झाले, एवढे पाळीपाळीने प्रत्येकाने पानभर लिहावे. आपल्याकडे १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ मध्ये साक्षर भारत आणि २०२२ पासून सध्याचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच उल्लास. शिकवणारा कधी अनुदेशक झाला, कधी प्रेरक, तर आता स्वयंसेवक. दर वेळी योजना संपली, की त्या माणसांनी कमावलेले शहाणपण त्यांच्याबरोबर घरी गेले. सातपूरच्या वर्गात ‘पगार’ का चालला, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. ते तुमच्या वहीतच राहील.

उल्लासची चाचणी १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. चाचणी जवळ आली, की गटाला सरावप्रश्नांचा मोह होतो. एखादी बैठक त्यासाठी द्यायला हरकत नाही, त्याहून अधिक मी देणार नाही.

वेळेचा हिशेब वास्तव ठेवावा. दीड तासाची बैठक पंधरा दिवसांनी घेतली, तरी दिवाळी, लग्नसराई आणि द्राक्षांचा हंगाम वगळता वर्षात वीस बैठकी होतील, म्हणजे तीस तास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शालेय शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी तीस तास काढले, तर ते थोडे नाही. बसायला कारखान्याजवळची शाळा मिळाली तर उत्तम, नाहीतर १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था आपल्या शहरात आहे. तिथे जागेची विचारणा करून पाहावी. फक्त जागा गोदाकाठची निवडत असाल, तर येत्या सिंहस्थातल्या पर्वकाळात बैठक होणार नाही, हे आधीच धरून चालावे.

ते जाडजूड पुस्तक टाकून देऊ नका. त्यातली कोणती पाच पाने नऊ जणांनी मिळून वाचण्यासारखी आहेत, हे ते वाचून आलेल्या दोघींना विचारा. त्यांच्या वाचनाचा मानही त्यात राखला जातो.

प्रश्न : आमच्या गावात प्रौढांना शिकवणाऱ्या आम्ही दोघीच आहोत आणि नाशिकला दर पंधरा दिवसांनी येणे जमत नाही. दोघींचा गट होतो का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : होतो. स्वीडनमध्ये १९०२ पासून चालत आलेली अभ्यासमंडळेही मोठी नसत. व्याख्याता नको, मोजकी माणसे आणि समोर मजकूर हवा, हीच त्यांची मांडणी होती. दोघींनी एकच पान घ्यावे, एकीने वाचावे, दुसरीने थांबवून विचारावे, आणि पुढच्या वेळी कामे बदलावीत. महिन्यातून एकदा सातपूरच्या गटाशी फोनवर जोडून घेता आले, तर फारच चांगले; तेव्हा स्पीकरवर नऊ जणांनी एकदम बोलू नये, एवढे त्यांना आधी सांगून ठेवा. वर्गातल्या एखाद्या बाईंचे वाचन ध्वनिमुद्रित करून गटाला ऐकवायचे असेल, तर त्यांना विचारूनच करावे, आणि ते आधी त्यांनाच ऐकवावे. स्वतःचा वाचतानाचा आवाज त्यांनी बहुधा आजवर ऐकलेला नसतो.